काठाचा धाक

जव्हार-मोखाड्याकडच्या घरांत भात आणि नागली एकाच सुपात पाखडली जातात. हात तेच, मनगटाचा झटका तोच, पण सुपात उरणारे चित्र निराळे असते. नागलीचा दाणा मोहरीसारखा गोल. तो सुपात कुठेही पडला तरी 'कसा पडला' या प्रश्नाला अर्थ नसतो, कारण गोलाला दिशाच नसते. तांदळाच्या दाण्याला ती असते. सूप किंचित तिरके धरून हलक्या हाताने हलवत तांदूळ मागच्या काठाकडे आणला, की काठाला टेकलेले दाणे काठाच्या रेषेत आडवे होतात. त्यांच्या शेजारचेही बरेचसे तसेच होतात. चार-सहा दाण्यांच्या पलीकडे मात्र पुन्हा ज्याची त्याची दिशा. सुपाची वीण खडबडीत असल्याने नीट दिसले नाही, तर सपाट बुडाच्या थाळीत तांदळाचा एकेरी थर पसरून थाळीला बाहेरून टिचक्या माराव्यात. नंतर तसेच नागली घालून पाहावे. नागली काठापाशी गोळा होईल, पण रांगेने निजणार नाही.

काठाने दाण्याला काय सांगितले आणि ते सांगणे किती दाण्यांपर्यंत पोहोचले, हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या एका शाखेत शंभराहून अधिक वर्षे विचारला जात आहे. त्या शाखेचे नाव द्रवस्फटिकशास्त्र. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या प्रश्नाला एक नवे वळण लागले. समजा, सूप हलवणारा हातच नाही. प्रत्येक दाण्याच्या पोटात त्याचा त्याचा हात आहे आणि प्रत्येक जण आपल्या बळावर शेजाऱ्याला ढकलतो आहे. मग काठाचे कोण ऐकेल? आणि अशा चुळबुळत्या दाण्यांत एखादा खडा टाकला, तर तो जागेवर राहील की चालू लागेल? अशा पदार्थाला 'सक्रिय द्रवस्फटिक' म्हणतात. पाण्यात दाटीने पोहणारे जिवाणू, एकमेकींना चिकटून वाढणाऱ्या त्वचेच्या पेशी, पेशीच्या आतले सूक्ष्म तंतू, हे सगळे त्यात येतात. माझ्या वाचनातल्या मराठी मजकुरात द्रवस्फटिक टीव्हीच्या पडद्यापाशी येऊन थांबतो. त्याची पुढची गोष्ट, जिच्या उगमापाशी बंगळुरूची माणसे आहेत, क्वचितच सांगितली जाते. ती इथे सांगायची आहे.

*

सुरुवात गाजरापासून होते. प्राग शहरातला फ्रीडरिश राइनित्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळणाऱ्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. १८८८ साली त्याला दिसले, की कोलेस्टेरिल बेन्झोएट हे संयुग दोनदा वितळते. साधारण १४५ अंश सेल्सियसला ते गढूळ द्रव होते आणि १७८ अंशांच्या पुढे एकाएकी नितळ होते. मेण दोनदा वितळत नाही, तूप वितळत नाही. मग हे काय? त्याने नमुने जर्मनीतल्या ओट्टो लेमान यांच्याकडे पाठवले. लेमान यांच्याकडे तापवता येणारा सूक्ष्मदर्शक होता. गढूळ अवस्थेतला पदार्थ पाण्यासारखा वाहतो, पण प्रकाशाला स्फटिकासारखा वागवतो, हे त्यांनी पाहिले आणि १८८९ मध्ये 'वाहते स्फटिक' या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध छापला.

समकालीनांना ते पटले नाही. गुस्टाव टामान यांच्यासारखे नावाजलेले रसायनज्ञ म्हणत, की हा दोन द्रवांचा गढूळ मिलाफ आहे, अशुद्ध माल आहे. वाद कित्येक वर्षे चालला. लेमान यांचा स्वभावही वादाला खतपाणी घालणारा असावा, कारण १९०७ साली त्यांनी जे पुस्तक काढले त्याचे नावच 'भासमान सजीव स्फटिक' अशा अर्थाचे होते. थेंब वळवळतात, जुळतात, दुभंगतात, तेव्हा सजीवाची पहिली पायरी इथेच आहे असे त्यांना वाटू लागले होते. पुढच्या पिढीने त्यांचे द्रवस्फटिक स्वीकारले आणि 'सजीव' हा शब्द गुंडाळून ठेवला. तो शब्द शंभर वर्षांनी परत आला, पण निराळ्या अर्थाने. त्याकडे यायचे आहेच.

द्रवस्फटिकाच्या पोटात काय असते? कांडीसारखे लांबट रेणू. त्यांच्या जागा ठरलेल्या नसतात, म्हणून पदार्थ वाहतो. पण त्यांची दिशा बहुतांशी एक असते, म्हणून तो स्फटिकासारखा वागतो. तांदळाच्या पोत्यात हात घातला तर दाणे सरकतात, पण समजा सगळे एकाच अंगावर निजलेले आहेत; अगदी तसे. १९२२ साली जॉर्ज फ्रीडेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने या अवस्थेला 'नेमॅटिक' नाव दिले, ग्रीक भाषेतल्या सूत या अर्थाच्या शब्दावरून, कारण सूक्ष्मदर्शकात तिच्यात दोऱ्यासारख्या रेषा तरंगताना दिसतात. रेणू रांगेत का येतात, याचे एक सुंदर उत्तर लार्स ऑनसागर यांनी १९४९ मध्ये दिले. नुसती गर्दी झाली तरी कांड्या समांतर होतात. समांतर झाल्याने प्रत्येकीला हलायला उलट जास्त जागा मिळते. एकमेकांविषयी ओढ असण्याची गरज नाही.

आता काठ. शार्ल मोगँ यांनी १९११ मध्ये दोन पृष्ठांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर धरून दाखवले, की पृष्ठाला लागलेले रेणू पृष्ठाच्या मर्जीने निजतात आणि एक पृष्ठ फिरवले तर मधला सगळा थर पीळ दिलेल्या दोरासारखा वळतो. १९४३ साली पिएर शातलँ यांनी काच एकाच दिशेने घासून घेतली आणि रेणू त्या घासण्याच्या दिशेत आले. एवढ्या साध्या क्रियेवर पुढे सगळा उद्योग उभा राहिला. १९७१ मध्ये शाड्ट आणि हेलफ्रिश यांनी पीळदार थरावर चालणारा दर्शक जाहीर केला. गणकयंत्रे, मनगटी घड्याळे, मग टीव्ही. पडद्याच्या काचेवर एक पातळ लेप देऊन तो मखमलीसारख्या कापडाच्या रुळाने घासत, म्हणजे रेणूंना दिशा कळे. माझ्या पिढीने मनगटावर जे आकडे पाहिले ते असे घासलेल्या काचेचे होते.

पृष्ठाने रेणूंना असे धरून ठेवण्याला इंग्रजीत नांगर टाकण्याचा शब्द वापरतात. मी त्याला 'काठाचा धाक' म्हणतो. निष्क्रिय द्रवस्फटिकात, म्हणजे पडद्यातल्या द्रवस्फटिकात, या धाकाला दुसरा कोणी प्रतिस्पर्धी नसेल तर तो एका रेणूकडून दुसऱ्याकडे असा थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत पोहोचतो.

दोन काठांचे हुकूम जुळत नसतील तर? मग मध्ये कुठेतरी दिशा तुटते. हे समजायला आपल्याच बोटाकडे पाहावे. लहानपणी आपण बोटांवरचे शंख आणि चक्रे मोजतो. बोटावरच्या रेषा बहुतेक ठिकाणी समांतर असतात, पण काही बिंदूंवर तसे राहणे त्यांना शक्य होत नाही. शंखाच्या पोटात रेषा केसपिनेसारखी वळते, तिथे एक तुटीचा बिंदू असतो. शंखाच्या बाजूला तीन दिशांनी आलेल्या रेषा भेटतात, तिथे दुसरा, तीन कोनांचा. शंख असलेल्या बोटावर असा त्रिकोण एक असतो, चक्र असलेल्या बोटावर दोन आणि साध्या कमानीवर एकही नाही. ही जोडी फुटत नाही. या हिशेबाला अनुवंशशास्त्रज्ञ लायोनेल पेनरोज यांनी १९६० च्या दशकात सूत्राचे रूप दिले आणि १९७९ मध्ये त्यांचे पुत्र रॉजर पेनरोज यांनी त्यामागचे गणित मांडले. द्रवस्फटिकात अगदी हेच दोन बिंदू सापडतात. केसपिनेला 'अधिक अर्धा' आणि त्रिकोणाला 'उणे अर्धा' दोष म्हणतात, कारण त्या बिंदूभोवती एक फेरी मारली तर रेषेची दिशा अर्धाच वळसा घेते.

जाता जाता एक गोष्ट. बोटाच्या ठशाचा सरकारी उपयोग भारतात सुरू झाला. विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला एका कंत्राटावर हाताचा ठसा घेतला, १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले आणि तिथल्या वर्गीकरणाचे गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी रचले. ते हेन्री या साहेबाच्या नावाने प्रसिद्ध झाले. आमच्या भागात या ठशाची आठवण वेगळी आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्या 'लग्नगडी' वारल्यांची अवस्था गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहून ठेवली आहे. वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उमटवणाऱ्याच्या बोटावर रेषांचे केवढे नेटके गणित होते, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

द्रवस्फटिकात दोष निर्माण करण्याचा आणखी एक मार्ग आहे. त्यात कण टाकणे. कणाचा पृष्ठभाग हाही एक काठच असतो, फक्त आत बंद झालेला. त्याचाही धाक चालतो. १९९७ मध्ये पुलँ, स्टार्क, लुबेन्स्की आणि वाइट्झ यांनी नेमॅटिक द्रवात पाण्याचे बारीक थेंब सोडले. प्रत्येक थेंबाने आपल्या पृष्ठावर रेणू उभे केले. दूरचे रेणू मात्र एका दिशेने निजलेले. त्या दोघांच्या भांडणातून प्रत्येक थेंबाशेजारी एक दोष जन्माला आला, आणि त्या दोषांच्या मध्यस्थीने थेंब एकमेकांना न चिकटता साखळीत उभे राहिले. पृष्ठावरचा लेप बदलून रेणू उभ्याऐवजी आडवे केले, की साखळी तिरकी होते. म्हणजे कण कोणाशी कसा वागेल हे त्याच्या अंगावर काय लावले आहे यावर ठरते. माणसांविषयी याहून कडवट काही म्हणता येईल, पण ते इथे नको.

*

बंगळुरू या गोष्टीत दोन टप्प्यांनी येते. पहिला टप्पा एस. चंद्रशेखर यांचा. नोबेलवाले खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेगळे, ते सी. व्ही. रामन यांचे पुतणे, हे भाचे. हे चंद्रशेखर १९७१ मध्ये म्हैसूरहून रामन संशोधन संस्थेत आले. तोवर सगळे जग मानून होते, की द्रवस्फटिक व्हायला रेणू कांडीसारखाच हवा. १९७७ मध्ये चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात एक लहानसा निबंध छापून दाखवले, की थाळीसारखे चपटे रेणूही एकावर एक रचून द्रवस्फटिक होतात. जगातल्या कुठल्या मोठ्या पत्रिकेची वाट न पाहता ते आपल्याकडच्या पत्रिकेत छापले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

दुसरा टप्पा आपल्या विषयाचा. १९९५ मध्ये हंगेरीचे तमाश विचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या थव्याचे संगणकी प्रतिरूप केले: प्रत्येक जण शेजाऱ्यांची सरासरी दिशा घेतो, थोडी चूक करतो, चालत राहतो. त्याच वर्षी जॉन टोनर आणि युहाई तू यांनी त्याला प्रवाहाच्या समीकरणांचे रूप दिले. त्या थव्यांत हवा किंवा पाणी मात्र हिशेबात नव्हते. पण पोहणारा जीव पाण्याला ढकलतो, ते पाणी शेजाऱ्याला ढकलते. भारतीय विज्ञान संस्थेतले श्रीराम रामस्वामी आणि अदिती सिंहा यांनी २००२ मध्ये हा हिशेब केला आणि जे निघाले ते धक्कादायक होते. पोहणाऱ्या कांड्यांनी द्रवात रांग धरली, तर ती रांगच स्वतःला मोडते. जरा कुठे वाकली, की वाकलेल्या जागी कांड्यांच्या ढकलण्याने प्रवाह तयार होतो आणि तो प्रवाह वाक आणखी वाढवतो. काठ दूर असेल तर अशी शांत रांग टिकूच शकत नाही. पडद्यातल्या द्रवस्फटिकात शिस्त म्हणजे विसावा. इथे शिस्तीतूनच अस्वस्थता निपजते.

पुढे २००४ मध्ये यशोधन हातवळणे, रामस्वामी, मदन राव आणि सिंहा यांनी त्याच विचारातून द्रवाच्या दाटपणाविषयी भाकीत केले. मागून शेपूट हलवून पाण्याला दोन्ही टोकांकडे लोटणारे जीव द्रव पातळ करतील, आणि समोरून हात मारून पाणी ओढून घेणारे दाट करतील. हे खरे निघाले. २००९ मध्ये सोकोलोव्ह आणि आरान्सन यांना जिवाणूंनी पातळ केलेला द्रव मोजता आला, आणि २०१५ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाला आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूंच्या दाट द्रवात, ठरावीक स्थितीत, दाटपणा जवळपास शून्यावर आलेला दिसला. ढवळणाऱ्याचे काम द्रवच करत होता.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो मात्र तांदळाचा प्रयोग. विजय नारायण, नारायणन मेनन आणि रामस्वामी यांनी तांब्याच्या तारेचे काही मिलिमीटर लांबीचे तुकडे एका गोल, सपाट पात्रात एकेरी थरात पसरले आणि पात्र खाली-वर वेगाने कंप पावते ठेवले. २००६ च्या निबंधात त्यांनी तीन आकार तपासले. सरळ दंडगोल तुकडे काटकोनात चौकडी धरतात. टोकांना निमुळते, लाटण्यासारखे तुकडे एका दिशेने नेमॅटिक होतात. तिसरा आकार या दोहोंच्या मधला, आणि तो त्यांनी घडवला नाही, दुकानातून आणला: लांब दाण्याचा बासमती. बासमतीने थरांत मांडणी केल्याची ठळक चिन्हे दाखवली; दाणे समांतर, आणि शिवाय ओळींवर ओळी. टोकाच्या किंचित फरकाने समाजरचना बदलते म्हणायची. भौतिकशास्त्राच्या निबंधात बासमतीचे नाव वाचून मी तो निबंध मिळवला होता.

२००७ मध्ये याच प्रयोगाचा मोठा निष्कर्ष 'सायन्स' मध्ये आला. साध्या द्रवात एखादी चौकट आखून तिच्यातले कण मोजले आणि सरासरी शंभर भरले, तर संख्या साधारण दहाने मागेपुढे होते. दहा हजार असतील तर शंभराने. वर्गमुळाचा नियम. हलत्या तारांच्या नेमॅटिकमध्ये हा नियम पाळला जात नाही. चढउतार संख्येच्याच प्रमाणात वाढत जातात. कुठे प्रचंड दाटी, कुठे मोकळे मैदान, आणि ही विषमता बराच काळ टिकते. मोखाड्याच्या बोहाड्याला गेलेल्याला हे सांगायला नको. रामस्वामी, सिंहा आणि टोनर यांनी २००३ मध्ये 'पृष्ठावर ठेवलेल्या सक्रिय नेमॅटिक'साठी नेमके हेच वर्तवले होते. निष्कर्षावर आक्षेपही आला. २००८ मध्ये आरान्सन आणि इतरांनी म्हटले, की दाण्यांच्या टकरीत ऊर्जा वाया जाते, तेवढ्यानेही अशी विषमता दिसू शकते; त्याला रांगेची गरज नाही. बंगळुरूकरांनी त्याच अंकात उत्तर दिले. ही देवाणघेवाण वाचण्यासारखी आहे. कोणी आवाज चढवलेला नाही.

*

हे दाणे चालते झाल्यावर काठाचे काय झाले? पहिली गोष्ट प्रयोग करणाऱ्यांना त्रासदायक होती. २००८ मध्ये अर्शद कुद्रोली यांच्या गटाने एका टोकाला जड असलेले, म्हणून एका दिशेने चालणारे तुकडे कंप पावत्या पात्रात सोडले. ते काठाशी जाऊन जमले. सुपातला तांदूळ काठाशी येतो तो हात तिरका होतो म्हणून. हे तुकडे सपाट पात्रात आपण होऊन गेले. चालणाऱ्याला भिंत लागली, की तो तिच्या अंगाने चालू लागतो आणि तिला सोडायचे कारण त्याला सापडत नाही. यावर उपाय म्हणून २०१० मध्ये देसेन्य, दोशो आणि शाते यांनी पात्राचा काठच फुलासारखा, पाकळ्यापाकळ्यांचा केला. पाकळीत शिरलेला चालणारा वळून पुन्हा मध्याकडे येतो. रांगोळीतल्या कमळाला प्रयोगशाळेत असा उपयोग मिळेल असे कोणाला वाटले असते?

त्याच वर्षी काठाचा उपयोग उलट्या बाजूने झाला. सोकोलोव्ह, आरान्सन आणि सहकाऱ्यांनी, तसेच रोममध्ये दि लिओनार्दो यांच्या गटाने, जिवाणूंच्या दाट द्रवात करवतीसारखे एकाच बाजूला कललेले दाते असलेली सूक्ष्म चक्रे टाकली. जिवाणू दातांच्या खोबणीत अडकतात आणि ढकलत राहतात, दुसऱ्या बाजूने घसरून जातात. चक्र एका ठरलेल्या दिशेने फिरू लागते. सोकोलोव्ह यांचे चक्र एका जिवाणूपेक्षा सुमारे दहा लाख पटींनी जड होते. निर्जीव द्रवात, सगळीकडे सारखे तापमान असताना, नुसत्या दातांच्या आकाराने चक्र फिरणार नाही. तसे झाले तर फुकटची ऊर्जा मिळाली असती. इथे ऊर्जा फुकट नाही, जिवाणूंनी खाल्लेल्या अन्नाची आहे. पृष्ठाचा आकार ती गोळा करून एका दिशेला लावतो, एवढेच.

२०१२ मध्ये अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात झ्वोनिमिर डोगिच यांच्या गटाने पेशीच्या आतले सामान बाहेर काढून द्रवस्फटिक बनवले. पेशींत सूक्ष्मनलिका असतात आणि त्यांवरून चालणारी कायनेसिन नावाची प्रथिने. ही प्रथिने दोन नलिकांना एकाच वेळी धरून त्यांना एकमेकींवरून सरकवतात. हे मिश्रण पाण्यात तसेच ठेवले तर दोऱ्यांचा गुंता होतो, द्रवस्फटिक होत नाही. पाण्याला तेलाचा पृष्ठभाग दिला, की नलिका त्या पृष्ठावर जमून दाट पातळ साय धरतात आणि मग सगळी साय नेमॅटिक होऊन खळबळू लागते. इथे पृष्ठाने आधीच्या पदार्थाला नुसती दिशा दिली नाही. पदार्थ घडवलाच त्याने. अंगठ्यावरचे दोन बिंदू इथे पुन्हा भेटतात, पण आता ते हलतात. केसपिनेचा बिंदू धूमकेतूसारखा आपल्या वळणाच्या दिशेने पळत सुटतो. त्रिकोणाला तीन सारख्या बाजू असल्याने त्याला पळायला दिशा मिळत नाही. तो वाहत जाईल तिकडे जातो. जोड्या जन्मतात, फुटतात, भेटतात, नाहीशा होतात.

लेमान यांचा 'सजीव' शब्द २०१४ मध्ये परतला. झोऊ, सोकोलोव्ह, लाव्रेन्तोविच आणि आरान्सन यांनी दम्यावर वापरल्या जाणाऱ्या क्रोमोग्लायकेट या औषधापासून पाण्यातला, जिवाणूंना अपाय न करणारा द्रवस्फटिक केला आणि त्यात जिवाणू सोडले. नाव ठेवले 'जिवंत द्रवस्फटिक'. यात काच रेणूंना दिशा देते आणि रेणू जिवाणूला. जिवाणू रेणूंच्या ओळीने पोहतो, आणि संख्या वाढली की त्या ओळी वाकवतो. २०१६ मध्ये लाव्रेन्तोविच यांच्या गटाने काचेवर प्रकाशाने नक्षी उठवली. नक्षी नुसती चाकाच्या आऱ्यांसारखी असेल तर जिवाणू फिरत नाहीत. ती तिरकी, चकलीसारखी वळत बाहेर जाणारी असेल, तर जिवाणू तिच्याभोवती सगळे एकाच दिशेने गोल फिरतात.

इथे वाचकाच्या डोळ्यांपुढे तारपा आला असेल. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचा तारपा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ते फिरते चित्र समजावून सांगावे लागत नाही. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी तांदळाच्या पिठाने काढलेला नाच तर जगभर गेला: मधे तारपेकरी, भोवती हातात हात घातलेल्यांची मुरडत गेलेली साखळी. ही दोन चित्रे शेजारी ठेवून 'आमच्या आदिवासींना हे विज्ञान आधीच ठाऊक होते' असे म्हणण्याचा मोह व्यासपीठांवरून बोलणाऱ्यांना होतो, आणि टाळ्याही मिळतात. मला ते मान्य नाही. जिवाणू फिरतो तो काचेवरच्या नक्षीमुळे; मध्ये कोणी वाजवणारा नसतो आणि त्याला फिरायचेही नसते. नाचणारा तारपेकऱ्याकडे पाहतो, सुरात झालेला बदल ओळखून पाऊल फिरवतो, साखळी सोडून बाजूला बसू शकतो. नाचाला पदार्थविज्ञानाचा दाखला जोडला म्हणून नाच मोठा होत नाही, आणि बंगळुरूच्या समीकरणांना पुराणत्वाची गरज नाही. दोन्हींत वळण आहे, एवढे साम्य पाहून मला आनंद होतो. त्यापुढे जाऊन एकाला दुसऱ्याचा पूर्वज ठरवणे हा दोघांवरही अन्याय आहे.

काठाच्या धाकाचा नेमका हिशेब फ्रान्समध्ये लागला. २००५ मध्ये व्हाच्युरिए, जोआनी आणि प्रोस्त यांनी दाखवले, की सक्रिय द्रवाचा थर दोन भिंतींमध्ये पुरेसा पातळ असेल तर भिंतींचा धाक चालतो आणि आतले सारे शांत राहते. जाडी एका मर्यादेपलीकडे गेली, की कोणी न ढकलता द्रव आपण होऊन वाहू लागतो. रामस्वामी-सिंहांची अस्वस्थता आणि मोगँ यांची भिंत यांच्यातला हा करारच होता. तेरा वर्षांनी, २०१८ मध्ये, दुक्लो, सिल्बेरझां आणि सहकाऱ्यांनी तो जिवंत पेशींवर तपासला. लांबट पेशींना त्यांनी काचेवरच्या पट्ट्यांत वाढू दिले. अरुंद पट्टीत पेशी काठांना समांतर होऊन निमूट राहिल्या. पट्टी रुंद केल्यावर त्या किंचित तिरक्या झाल्या, आणि एका काठाने एकीकडे, दुसऱ्या काठाने विरुद्ध दिशेला, असा प्रवाह सुरू झाला.

याचा संबंध शरीराशी आहे. २०१७ मध्ये सिंगापूरच्या बन्वा लादू यांच्या गटाने एकसंध पसरलेल्या पेशींच्या थरात केसपिनेसारखे दोष शोधले आणि त्या बिंदूंच्या तोंडाशी पेशी दाबल्या जाऊन मरतात, थराबाहेर फेकल्या जातात, असे दाखवले. कोणती पेशी जाणार हे तिच्या स्वतःच्या दुखण्याइतकेच शेजारणींच्या मांडणीवर अवलंबून निघाले. त्या निबंधाच्या लेखकांत सुमेश थंपी हे भारतीय नाव आहे; अशा खळबळत्या नेमॅटिकमधल्या दोषांचे गणित त्यांनी ऑक्सफर्डच्या ज्युलिया योमन्स यांच्याबरोबर आधीच केले होते.

राहिला खडा. खळबळत्या द्रवात टाकलेला, स्वतः काहीच न करणारा गोल कण. अंगावर सगळीकडे सारखा लेप असेल तर त्याला कुठे जायचे हे कोणी सांगत नाही. तो इकडेतिकडे हेलकावतो. २०२२ मध्ये लोवे आणि शेंड्रुक यांनी कागदावर दोन तोंडांचा कण घेतला, रोमन देव जेनस याच्या नावाचा: अर्ध्या अंगावर रेणू उभे राहतील असा लेप, अर्ध्यावर आडवे निजतील असा. त्यांच्या हिशेबात हा निर्जीव कण सक्रिय नेमॅटिकमध्ये स्वतः चालू लागला. त्याच्या दोन बाजूंचे दोन धाक भोवतीच्या कांड्यांना असे मांडतात, की त्यांचे ढकलणे एका बाजूला जास्त भरते. अर्ध्या अंगावर सोन्याचा पातळ मुलामा दिलेले कण प्रयोगशाळांत नेहमीच बनवले जातात. अडचण दुसऱ्याच बाजूला आहे: डोगिच यांची साय इतकी पातळ असते, की कण तिच्यात बुडत नाही, वर-खाली बाहेर डोकावतो. त्यासाठी जाड, तिन्ही मितींत खळबळणारा सक्रिय नेमॅटिक हवा. तो दुक्लो, डोगिच आणि इतरांनी २०२० मध्ये करून दाखवला आहे. त्यात दोष बिंदू नसतात, दोऱ्याच्या बंद कड्या असतात. त्या उघडतात, आक्रसतात, मिटतात. अशा कडीच्या मध्ये दोन तोंडांचा कण सापडला तर त्यातला कोण कोणाला ओढील, यावर सध्या काम चालू आहे.